विदर्भाचा संघ आणि विदर्भाच्या आतला अनुशेष

कपाशीची सीतादही आटोपून पहिली वेचणी सुरू होते, त्याच सुमारास रणजी करंडकाचा हंगामही सुरू होतो. आमच्या दिग्रससारख्या तालुक्याच्या गावी एके काळी या दुसऱ्या घटनेची दखल कोणी घेत नसे. विदर्भाचा संघ खेळला आणि हरला, एवढी बातमी वृत्तपत्राच्या शेवटच्या पानावर येई आणि ती वाचून कोणालाही आश्चर्य वाटत नसे. आज परिस्थिती पालटली आहे. पानठेल्यावर, तहसील कचेरीच्या व्हरांड्यात आणि महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये 'यंदा आपला संघ कसा राहील?' असा प्रश्न विचारला जातो. या प्रश्नातील 'आपला' हा शब्द नवा आहे आणि तो मोलाचा आहे. येत्या हंगामातील संघाच्या बलाबलाचा विचार करताना हा शब्द कितपत खरा आहे, याचाही विचार व्हावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

विदर्भ या नावाने आपला संघ रणजी स्पर्धेत प्रथम उतरला तो १९५७-५८ मध्ये. त्यानंतर अंतिम फेरी गाठण्यासाठी ६० वर्षे जावी लागली. २०१७-१८ च्या हंगामात फैज फझलच्या नेतृत्वाखाली आणि चंद्रकांत पंडित यांच्या शिस्तीखाली या संघाने इंदूर येथे दिल्लीला ९ गडी राखून हरविले. रजनीश गुरबानीने त्या सामन्यात साधलेली हॅट्ट्रिक अनेकांना आठवत असेल. पुढच्याच वर्षी नागपुरात सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून संघाने करंडक राखला. त्यात आदित्य सरवटेने ११ बळी घेतले. २०२३-२४ मध्ये मुंबईकडून अंतिम सामन्यात १६९ धावांनी पराभव झाला. पण लगेच २०२४-२५ मध्ये केरळवर पहिल्या डावातील ३७ धावांच्या आघाडीने मात करून करंडक तिसऱ्यांदा नागपुरात आला. २०१७-१८ ते २०२४-२५ या काळात रणजीचे ७ हंगाम झाले. त्यांत ४ वेळा अंतिम फेरी आणि ३ वेळा विजेतेपद, हा लेखाजोखा कोणत्याही नामांकित संघाने हेवा करावा असा आहे. २०२५ च्या ऑक्टोबरात शेष भारत संघाला ९३ धावांनी हरवून इराणी करंडक आणि २०२६ च्या जानेवारीत सौराष्ट्रावर मात करून विजय हजारे करंडकही विदर्भाने जिंकला. २०२५-२६ चा रणजी करंडक मात्र राखता आला नाही.

संघाचे बलाबल

२०२५-२६ मध्ये खेळलेला संच डोळ्यांपुढे ठेवला, तर येत्या हंगामाविषयी निराश होण्याचे कारण दिसत नाही. फलंदाजीच्या आघाडीला अथर्व तायडे आणि अमन मोखाडे आहेत. तायडेने इराणी करंडकाच्या सामन्यात १४३ आणि विजय हजारे स्पर्धेच्या अंतिम सामन्यात १२८ धावा काढल्या. मोखाडेने त्याच विजय हजारे स्पर्धेत ८१४ धावांची रास रचली. दानिश मालेवारने २०२५ च्या रणजी अंतिम सामन्यात १५३ आणि ७३ धावा केल्या. मधल्या फळीत यश राठोड आहे. २०२४-२५ च्या हंगामात सर्वाधिक म्हणजे ९६० धावा त्याच्याच नावावर होत्या. यष्टिरक्षक अक्षय वाडकरने २०२५ चा करंडक कर्णधार म्हणून उचलला. परप्रांतातून आलेल्या ध्रुव शोरी आणि रविकुमार समर्थ यांचा अनुभव या तरुणांच्या पाठीशी राहिला.

गोलंदाजीचा कणा हर्ष दुबे हा डावखुरा फिरकी गोलंदाज आहे. २०२४-२५ मध्ये त्याने ६९ बळी घेऊन एका रणजी हंगामातील बळींचा उच्चांक प्रस्थापित केला. त्याच्या जोडीला पार्थ रेखडे आहे. मुंबईविरुद्धच्या २०२५ च्या उपांत्य सामन्यात त्याने एकाच षटकात अजिंक्य रहाणे, सूर्यकुमार यादव आणि शिवम दुबे यांना तंबूत धाडले होते. वेगवान माऱ्यासाठी दर्शन नळकांडे, यश ठाकूर, आदित्य ठाकरे आणि नचिकेत भुते ही नावे परिचयाची आहेत.

उणिवा दोन संभवतात. पहिली मधल्या फळीतील. करुण नायर दोन हंगाम विदर्भाकडून खेळून २०२५-२६ साठी कर्नाटकात परतला. २०२५ च्या अंतिम सामन्यात ३ बाद २४ अशी दैना झाली असता त्याने आणि मालेवारने २१५ धावांची भागी केली होती आणि दुसऱ्या डावात नायरने १३५ धावा काढल्या होत्या. संकटकाळी उभा राहणारा असा फलंदाज एका हंगामात तयार होत नाही. दुसरी उणीव एकाच गोलंदाजावरील भिस्तीची. हर्ष दुबेसारखा गोलंदाज राष्ट्रीय निवड समितीच्या नजरेत राहणारच. तो भारताच्या किंवा भारत 'अ' संघाच्या कामगिरीवर गेला, तर चार दिवसांच्या सामन्यात वीस बळी कोण घेणार, याचे उत्तर आधीच शोधून ठेवावे लागेल. ही खबरदारी घेतली, तर हा संघ किमान उपांत्य फेरी गाठेल, असे माझे मत आहे.

आयात, निर्यात आणि उत्पादन

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे, तर विदर्भाच्या यशाचे रहस्य आयात आणि देशी उत्पादन यांच्या योग्य मेळात आहे. वासिम जाफर, गणेश सतीश, करुण नायर हे आयात केलेले भांडवल होते. परंतु आयात केलेले यंत्र चालविणारे कुशल हात गावातच तयार झाले नाहीत, तर त्या यंत्राचा उपयोग होत नाही. विदर्भ क्रिकेट संघटनेने अकादमी उभारली, वयोगटांच्या संघांवर खर्च केला आणि तेथे शिकलेली मुले जाफरसारख्यांच्या सहवासात परिपक्व झाली. आता तर निर्यातही सुरू झाली आहे. २०२५ च्या अंतिम सामन्यात केरळकडून ७९ धावा काढून विदर्भालाच झुंजविणारा आदित्य सरवटे हा आपलाच माणूस होता. अमरावतीचा जितेश शर्मा २०२५ मध्ये बडोद्याकडे गेला. पूर्वी विदर्भाला खेळाडू मिळत नसत. आता इतरांना पुरतील इतके तयार होतात, ही प्रगतीच होय.

प्रश्न आहे तो हे उत्पादन कोठे होते, याचा. विदर्भाच्या राजकारणात 'अनुशेष' हा शब्द रुळला तो प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली १९८३ मध्ये नेमलेल्या समितीमुळे. समितीने १९८४ मध्ये अहवाल दिला. त्या अहवालाची एक गोष्ट आपण सोयीस्करपणे विसरतो. समितीने तूट मोजली ती जिल्हावार. विभागांची बेरीज त्यानंतरची. पुण्या-मुंबईकडे बोट दाखविताना आपण विदर्भ हा एकजिनसी प्रदेश मानतो. पण दांडेकरांची फूटपट्टी विदर्भाच्या आतही लावता येते. ती रणजी संघाला लावून पाहावी. अकरा जिल्ह्यांच्या या संघाचा गाभा नागपुरात घडलेल्या मुलांचा आहे. तायडे अकोल्याचा, नळकांडे वर्ध्याचा, अशी काही नावे सांगता येतात. आपल्या यवतमाळ जिल्ह्याने अक्षय कर्णेवार दिला. दोन्ही हातांनी फिरकी टाकणाऱ्या या गोलंदाजाने २०२१ मध्ये मणिपूरविरुद्ध टी-ट्वेंटी सामन्यात चारही षटके निर्धाव टाकून २ बळी घेतले होते. या नावांचा अभिमान जरूर बाळगावा. पण जी नावे बोटांवर मोजता येतात, त्यांना अपवाद म्हणतात.

अपवाद काय शिकवितो, हे उमेश यादवच्या उदाहरणात दिसते. खापरखेड्याजवळच्या वलनी येथील कोळसा खाण कामगाराचा हा मुलगा विशीच्या उंबरठ्यावर येईपर्यंत सीझनच्या चेंडूने खेळलाही नव्हता. २०११ च्या नोव्हेंबरात तो कसोटी क्रिकेट खेळणारा विदर्भाचा पहिला खेळाडू ठरला. त्याच्या जिद्दीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु वलनी नागपूरच्या जवळ आहे, या साध्या भूगोलाकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. तेवढ्याच ताकदीचा मुलगा उमरखेड किंवा दिग्रसला जन्मला असता, तर तो टेनिसच्या चेंडूवर चार-दोन ढाली जिंकून चोविसाव्या वर्षी कृषी केंद्रात कामाला लागला असता.

मुंबईने ४२ वेळा रणजी करंडक जिंकला. त्या यशाचे श्रेय आपण शिवाजी पार्क आणि आझाद मैदानाला देतो. मला वाटते, त्यातील थोडा वाटा पश्चिम रेल्वेलाही द्यावा. शार्दूल ठाकूरसारखा मुलगा पालघरहून किटची पिशवी घेऊन लोकलने मैदानावर येऊ शकला. दिग्रसहून नागपूर दोनशेहून अधिक किलोमीटर आहे आणि प्रवास एस. टी. चा. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्गाचा वर्धा-कळंब हा टप्पा २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झाला. दिग्रसकरांना गाडी मिळेल तेव्हा मिळेल. तोवर अंतराचा हा कर येथील प्रत्येक होतकरू खेळाडूला भरावाच लागतो. गेल्या वर्षी माझ्या वर्गातील एका मुलाने विचारले, "सर, निवड चाचणीला जायचं तर रात्री मुक्काम कुठं करायचा?" मुलगा चांगली गोलंदाजी करतो, असे त्याचे मित्र सांगतात. ती खरोखर किती चांगली आहे, हे ना मला ठाऊक, ना त्याला. कारण ते पारखणारा माणूस येथवर येतच नाही.

मोह आणि मर्यादा

येथे दुसरी बाजूही मांडली पाहिजे. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने २०२१ मध्ये ठरविलेल्या दरानुसार २० पर्यंत सामने खेळलेल्या रणजीपटूस सामन्याच्या प्रत्येक दिवसासाठी ४० हजार रुपये मिळू लागले. चार दिवसांच्या सामन्याचे १ लाख ६० हजार. २०२५-२६ मधील लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. म्हणजे चार दिवसांचे मानधन सुमारे २० क्विंटल कापसाच्या किमतीइतके झाले. कोरडवाहू चार एकरांत वर्षभर राबूनही एवढा कापूस हाती येईल, याची शाश्वती नसते. मुलांना आणि पालकांना मोह पडला, तर त्यांना दोष कसा द्यावा? पण अकरा जिल्ह्यांतून मैदानात उतरतात ते अकराच जण आणि बाकावर बसणाऱ्या राखीव खेळाडूला याच दरानुसार निम्मे मिळतात. क्रिकेट हा रोजगाराचा उपाय नव्हे. शाळा सोडून आणि शेत गहाण टाकून शहरातील खासगी शिकवणीवजा अकादमीची फी भरणे, हा जुगार आहे.

तरीही मागणी करायची ती याच कारणाने. खर्च आणि धोका जेव्हा एकट्या कुटुंबावर पडतो, तेव्हा ज्यांना परवडते त्यांचीच मुले पुढे येतात. हा भार संस्थेने उचलला, तर गुणवान मुलगा पंधराव्या-सोळाव्या वर्षीच ओळखला जाईल आणि ज्याच्यात तेवढा गुण नाही, त्यालाही वेळीच तसे सांगून अभ्यासाकडे वळविता येईल. लवकर मिळालेला प्रामाणिक नकार हाही मोठा उपकार असतो.

यासाठी फार मोठ्या योजनेची गरज नाही. प्राथमिक चाचण्या नागपूरऐवजी तालुक्यांच्या गटात घ्याव्यात. पुसद, दारव्हा, दिग्रस, उमरखेड यांच्यासाठी एक केंद्र पुरे. हिवाळ्यातील टेनिस चेंडूच्या स्पर्धा पाहण्यासाठी निवडकर्त्यांनी फिरावे. वेगवान गोलंदाजाचा खांदा कोणत्याही चेंडूवर ओळखता येतो. प्रत्येक गटात निदान एक चांगली खेळपट्टी आणि पगारी प्रशिक्षक असावा. निवडलेल्या मुलांची राहण्याची व शिक्षणाची सोय व्हावी. महाविद्यालयांनीही आपली मैदाने केवळ वार्षिक क्रीडा महोत्सवापुरती न ठेवता ती वर्षभर खुली करावीत. या बाबतीत आम्ही शिक्षकही निर्दोष नाही.

हे दयेपोटी करावे असे नाही. संघाचा स्वार्थही त्यातच आहे. २०२५-२६ चा रणजी करंडक जम्मू-काश्मीरने इतिहासात प्रथमच जिंकला आणि त्या यशाचा एक प्रमुख शिल्पकार होता बारामुल्ला जिल्ह्यातील वेगवान गोलंदाज अकिब नबी. बर्फात महिनोन् महिने मैदाने झाकली जातात अशा प्रदेशातून असा गोलंदाज निघतो, तर पैनगंगेच्या खोऱ्यातून का निघू नये? नायरची रिकामी जागा आणि दुबेच्या गैरहजेरीची चिंता हे आजचे प्रश्न आहेत. दहा वर्षांनी असे प्रश्न पडू नयेत, म्हणून शोधाचे क्षेत्र आजच वाढविले पाहिजे.

येत्या हंगामात जामठ्याच्या मैदानावर विदर्भाने पुन्हा करंडक उचलावा, अशी इच्छा प्रत्येक वैदर्भीयाची असणार, माझीही आहे. मात्र संघाची यादी जाहीर होईल, तेव्हा धावा आणि बळी यांच्या रकान्यांबरोबर खेळाडूंच्या गावांचा रकानाही आपण पाहावा. त्या रकान्यात जेव्हा आर्णी, घाटंजी, पुसद, दिग्रस ही नावे दिसू लागतील, तेव्हाच पानठेल्यावर आपण म्हणतो तो 'आपला संघ' पुरतेपणी आपला होईल.