देयकात अदृश्य, चौकशीत मात्र हजर : परिचारिकांच्या नोंदींचा प्रश्न

भिलाई : अतिदक्षता विभागातील परिचारिका रुग्णाची नाडी, रक्तदाब, प्राणवायूचे प्रमाण आणि दिलेली औषधे ठरावीक वेळाने तक्त्यात नोंदवते. तिच्या दृष्टीने ती रुग्णाच्या प्रकृतीची नोंद असते. आरोग्य योजनेच्या दृष्टीने मात्र तोच तक्ता देयकाचा आधार ठरतो. आयुष्मान भारत योजनेच्या २०२१ मधील सुधारित पॅकेजनुसार सर्वसाधारण कक्षाचा एका दिवसाचा दर २,१०० रुपये, तर कृत्रिम श्वसनयंत्राविना अतिदक्षतेचा दर ८,५०० रुपये होता. दिवसामागे ६,४०० रुपयांची ही तफावत पाहिली, की तक्त्यावरील स्वाक्षरीचे मोल कळते.

छत्तीसगडला या प्रश्नाची झळ पूर्वीच बसली आहे. राष्ट्रीय स्वास्थ्य बीमा योजनेच्या स्मार्टकार्डावर खासगी रुग्णालयांनी महिलांची गर्भाशये अनावश्यकरीत्या काढल्याचे प्रकरण २०१२ मध्ये उघडकीस आले आणि काही डॉक्टरांची नोंदणी निलंबित झाली. त्या योजनेत कुटुंबाला वर्षाला ३० हजार रुपयांचे संरक्षण होते. आयुष्मान भारतमध्ये ते ५ लाख रुपये आहे. रक्कम वाढली, तसा मोहही वाढला. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालात, आधीच मृत नोंदवलेल्या ३,४४६ रुग्णांच्या उपचारांपोटी ६.९७ कोटी रुपये अदा झाल्याचे नमूद आहे.

भिलाईत पोलाद कारखान्याच्या कर्मचाऱ्यांना सेक्टर ९ मधील कारखान्याच्याच रुग्णालयाचा आधार आहे. कारखान्याच्या सेवेबाहेरील अनेक कुटुंबांची भिस्त मात्र योजनेच्या कार्डावर असते. खोट्या दाव्यामुळे सरकारी तिजोरीला फटका बसतोच. शिवाय त्या कुटुंबाच्या वार्षिक मर्यादेतील रक्कमही खर्ची पडते.

दरम्यान, परिचारिकांची जबाबदारी वाढते आहे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने ‘नर्स प्रॅक्टिशनर’ संवर्गाचा पुरस्कार केला. भारतीय परिचर्या परिषदेने अतिदक्षता सेवेसाठी दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आखला. मात्र पॅकेजमध्ये तिच्या सेवेला स्वतंत्र शुल्क नाही आणि दावा दाखल करते ते रुग्णालय.

अमेरिकेत स्थिती वेगळी आहे. तेथे मेडिकेअर योजना नर्स प्रॅक्टिशनरला स्वतःच्या नावाने देयक सादर करू देते, पण दर डॉक्टरांच्या ८५ टक्के असतो. डॉक्टरांच्या देखरेखीच्या विशिष्ट अटी पूर्ण झाल्यास तीच सेवा डॉक्टरांच्या नावे पूर्ण दराने दाखवता येते. अटी न पाळता असे देयक लावणे हा तेथील वादाचा मुख्य मुद्दा आहे. भारतात शुल्कात परिचारिकेचे नाव नसते. नोंद खोटी ठरल्यास चौकशीत मात्र ते पुढे येते. वरिष्ठांच्या सांगण्यावरून तक्ता बदलणाऱ्या परिचारिकेला नोकरी आणि नोंदणी यांपैकी एकाची जोखीम पत्करावी लागते.

उपाय अवघड नाहीत. २०२३ च्या राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोग कायद्यात परिचारिकांच्या राष्ट्रीय नोंदवहीची तरतूद आहे. दाव्यासोबतची प्रत्येक नोंद त्या नोंदणीशी जोडावी. नोंदीची आणि दुरुस्तीची वेळ पुसता येऊ नये. अतिदक्षतेतील दाखवलेले रुग्ण आणि त्या पाळीतील परिचारिकांची संख्या लेखापरीक्षणात ताडून पाहावी. दबावाची तक्रार रुग्णालयाच्या व्यवस्थापनाबाहेर, नाव गुप्त ठेवून करता यावी.

महाराष्ट्रातील महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेलाही हे तितकेच लागू आहे. परिचारिकेला नवे अधिकार देताना तिच्या स्वाक्षरीला संरक्षण दिले नाही, तर नव्या संवर्गाच्या वाट्याला अधिकारांपेक्षा जोखीमच अधिक येईल.