लॅगच्या नावाने शिमगा

लाइव्ह कॅसिनोत, म्हणजे स्टुडिओतला खरा डीलर कॅमेऱ्यासमोर ऑनलाइन खेळवतो तिथे, पैसे घालवलेल्या माणसाला कारण विचारा. तो नशिबाला दोष देणार नाही, गणिताला तर नाहीच. ‘लॅग आला, चित्र अडकलं हो,’ म्हणेल. रूलेटच्या चाकावर चेंडू फिरत होता, स्क्रीन गोठली, पुन्हा हलली तेव्हा चेंडू भलत्याच खणात जाऊन बसलेला. मधल्या दोन सेकंदांत तिकडे काहीतरी ‘केलं’. फाइव्ह-जी घेतलं, चित्र लख्ख दिसायला लागलं, तर आपण हरणार नाही, निदान असे हरणार नाही, अशी त्याची मनोमन खात्री असते. ही खात्री साफ चुकीची आहे आणि ती धंदेवाल्यांच्या चांगलीच पथ्यावर पडते.

‘तिकडे लबाडी होते’ म्हणणाऱ्या बाजूचा सर्वांत वजनदार पुरावा आधी घेऊ. चेंडू अजून फिरतोय आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात आकडा उमटतो: 17. मग चेंडू खरोखरच 17च्या खणात पडतो. बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. ठरलेलंच होतं की सगळं!

ठरलेलं काही नसतं. या धंद्यातल्या सर्वांत मोठ्या कंपनीचे, इव्होल्यूशनचे, स्टुडिओ लाटव्हियातल्या रिगा शहरात आहेत. अशा स्टुडिओतलं रूलेटचं चाक खरंखुरं असतं. चेंडू कुठल्या खणात पडला हे चाकाला बसवलेले सेन्सर ओळखतात आणि तो आकडा डेटा म्हणून रवाना होतो. कॅमेऱ्याचं चित्र मात्र दुसऱ्या वाटेने निघतं. ते दाबून लहान केलं जातं, तुकड्यांत बांधलं जातं आणि तुमच्या फोनमध्ये पुन्हा उलगडलं जातं. आकडा म्हणजे मोजके बाइट, चित्र म्हणजे सेकंदाला लाखो बिट. साहजिकच आकडा आधी पोचतो. दोन्ही बरोबर दिसावेत म्हणून आकडा जरा थोपवून धरावा लागतो. तुमचं चित्र अपेक्षेपेक्षा जास्त रेंगाळलं की ताळमेळ बिघडतो आणि निकाल चित्राच्या पुढे पळतो. मोबाईलवर क्रिकेट बघताना शेजारच्या टीव्हीवरून ‘आउट!’ अशी आरोळी येते आणि आपल्याकडे गोलंदाज अजून धावतच असतो. म्हणून शेजाऱ्याने सामना फिक्स केला, असं कोणी म्हणत नाही.

‘एवढ्या लांबून येतं, म्हणून उशीर’ हेही अर्धसत्य आहे. रिगा ते मुंबई सरळ अंतर सुमारे 5,800 किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर धावतो, म्हणजे हा पल्ला सेकंदाच्या तिसाव्या भागाच्या आसपास संपतो. केबल वळसे घेत आली तरी सेकंदाचा छोटासा अंशच. खरा वेळ खातो तो साठा. चित्रपट किंवा सामना दाखवणारी एचएलएससारखी पद्धत चित्राचे काही सेकंदांचे तुकडे पाडते आणि दोन-तीन तुकडे हाताशी ठेवूनच दाखवायला लागते. चित्र नितळ, पण पंधरा-वीस सेकंद शिळं. पैज लावायची मुदतच तेवढी असते, त्यामुळे कॅसिनोला हे परवडत नाही. तिथे वेबआरटीसीसारखी पद्धत लागते, जिच्यात उशीर सेकंदाच्या आत राहू शकतो. पण ती हरवलेल्या तुकड्याची फार वाट बघत बसत नाही, तो सोडून पुढे जाते. म्हणून नेट डळमळलं की चेहरे धूसर होतात, हात तुटक हलतात. ज्या धूसरपणाला लोक लबाडीची खूण समजतात, तो म्हणजे उशीर टाळण्यासाठी मोजलेली किंमत असते.

आणि चित्र गोठलं तरी बिघडतं काय? रूलेटमध्ये पैजा बंद झाल्यावरच निकाल लागतो. मुदत सर्व्हरच्या घड्याळावर संपते, तुमच्या स्क्रीनवर नव्हे. उशिरा पोचलेली पैज नाकारली जाते, पैसे तुमच्याकडेच राहतात. खरं तर त्या फेरीत लॅगने तुमचं भलंच केलं.

एक जागा मात्र मी मान्य करतो. ब्लॅकजॅकमध्ये पत्ता घ्यायचा की थांबायचं हे ठराविक सेकंदांत सांगावं लागतं. बटण दाबलेलं पोचलंच नाही, तर बहुतेक टेबलांवर तुम्ही थांबलात असं धरतात. हातात 11 असताना थांबवलं जाणं म्हणजे शुद्ध नुकसान. ब्रिटनच्या जुगार आयोगाच्या तांत्रिक नियमांत वेळेवर अवलंबून असलेल्या खेळांसाठी आणि मध्येच तुटलेल्या डावांसाठी स्वतंत्र तरतुदी आहेत, त्या याच कारणाने. पण आपल्याकडे खेळवली जाणारी ॲप्स कुठल्या आयोगाला बांधील आहेत? सगळा आनंदीआनंद.

आता दुसऱ्या, म्हणजे धंदेवाल्यांच्या बाजूकडे वळू. ती जास्त हुशार आहे. ‘एचडी चित्र, अनेक कॅमेरे, खरा डीलर, सगळं तुमच्या डोळ्यांदेखत!’ म्हणजे स्वच्छ चित्र हाच प्रामाणिकपणाचा दाखला. पण कॅमेरा दाखवतो काय? चाक, पत्ते आणि हसरा चेहरा. तुमचे पैसे कोणाच्या खात्यात गेले, काढायला गेलात तर मिळतील का, हे कुठल्याच कॅमेऱ्यात येत नाही. आणि कधीकधी खेळाचा कळीचा भागही कॅमेऱ्याबाहेरच असतो. 2018 साली आलेलं लाइटनिंग रूलेट घ्या. चाक खरं, चेंडू खरा, पण कुठल्या आकड्यांवर वीज पडून पन्नास ते पाचशे पट मिळणार, हे सॉफ्टवेअर ठरवतं. त्या चकचकाटाची वसुली बाकीच्या आकड्यांतून होते. साध्या रूलेटमध्ये एका आकड्यावर 35 पट मिळतात, इथे वीज न पडलेल्या आकड्यावर 29 पट. हे नियमांत लिहिलेलं असतं, लपवलेलं नसतं. पण लोक चित्र बघतात, नियम वाचत नाहीत.

मग पैसे जातात कुठे? युरोपीय चाकावर 37 खण असतात, शून्य धरून. प्रत्येक खणावर 100 रुपये लावले तर गेले 3,700. कुठलाही एक आकडा लागणारच. त्याचे 3,500 आणि मूळचे 100 मिळून परत आले 3,600. शंभर रुपये टेबलाचे, म्हणजे 2.70 टक्के. यात ना लॅग आहे, ना लबाडी. अमेरिकी चाकावर दोन शून्यं असतात, तिथे हाच आकडा 5.26 टक्के होतो. खात्री करायची असेल तर पणजीला मांडवीत नांगरलेली कॅसिनोची जहाजं बघा. तिथे चाक हातभर अंतरावर असतं, मध्ये नेट नाही, कॅमेरा नाही, लॅग शून्य. हिशेब तोच लागू. त्या जहाजांवर 2020पासून गोवेकरांनाच खेळायला मज्जाव आहे. पाहुण्यांनी खेळावं, घरच्यांनी नको, याचा अर्थ गोव्याच्या सरकारला बरोबर कळलेला असावा.

म्हणून माझं म्हणणं उलट आहे. खेळणाऱ्याचा शत्रू लॅग नाही, वेग आहे. मिनिटाला एक फेरी धरली आणि दर फेरीला 100 रुपये लावले, तर तासाभरात 6,000 रुपये टेबलावर फिरतात आणि सरासरीने 162 जातात. फेऱ्या दुप्पट केल्या की 324. चाक तेच, शून्य तेच, फक्त मधला रिकामा वेळ काढून टाकला. डीलरच नसलेलं, हवेच्या झोताने चेंडू फिरवणारं रूलेट निघालं ते उगाच नाही. माणूस चेंडू उचलतो, हसतो, ‘गुड लक’ म्हणतो, यात सेकंद जातात आणि सेकंद म्हणजे पैसे. ब्रिटनने 2021मध्ये ऑनलाइन स्लॉटची एक फेरी अडीच सेकंदांपेक्षा लवकर संपू नये असा नियम केला. नियामकाने तिथे वेगाला लगाम घातला आणि आपल्याकडचा खेळणारा वेग वाढावा म्हणून नवा राउटर घेतो!

जो पैसे बुडाले म्हणून नेटच्या कंपनीला फोन करतो, त्याचा राग चुकीच्या दारावर धडकतोय. योग्य दार खेळ पुरवणाऱ्याचं. 22 ऑगस्ट 2025ला राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ पुरवण्यावर बंदी घातली. पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत आणि पन्नास लाखांपर्यंत. खेळणाऱ्यासाठी या कायद्यात शिक्षा ठेवलेली नाही. तेव्हा ॲपने तुमचे पैसे अडकवले असतील, तर भिऊन गप्प बसू नका. व्यवहारांचे स्क्रीनशॉट जपा, 1930 या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा आणि ‘चित्र अडकलं’ हे सांगण्यात वेळ घालवू नका. पैसे कुठल्या खात्यात गेले, ते सांगा.