अल्बममध्ये मी कुठे आहे?

परवा जुने अल्बम आवरायला काढले. २०१३ सालच्या अल्बममध्ये पुतण्याचं लग्न आहे. झाडून सगळे आहेत... मी नाही! त्या वर्षी माझं स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं होतं. केमोने केस गेले होते. लग्नाला मी होते हो! अक्षता टाकल्या, पंगतीत जेवले. पण ग्रुप फोटोच्या वेळी "काकू, तुम्ही निवांत बसा, दमाल" म्हणून मला खुर्चीत बसवलं. खुर्ची कॅमेऱ्याच्या बाहेर होती.

आता नातेवाईक मंडळी हे वाचणारच आहेत, तेव्हा स्पष्टच लिहिते. ती माया होती हे मला कळतं. तरीही ते चूक होतं.

हे बोलायचं धाडस आलं ते जो स्पेन्स या ब्रिटिश फोटोग्राफर बाईंमुळे. नातीने त्यांचे फोटो दाखवले. १९३४ साली लंडनमध्ये कामगारवर्गीय घरात जन्मलेल्या या बाई अनेक वर्षं स्टुडिओ चालवून लोकांचे हसरे फोटो काढत. पुढे त्यांना प्रश्न पडला, की घरच्या अल्बममध्ये वाढदिवस असतात, लग्नं असतात, सहली असतात. मग आजारपण, भांडणं, कामाने वाकलेली पाठ हे सगळं जातं कुठे? १९७९ साली त्यांनी स्वतःचेच लहानपणापासूनचे फोटो, न सांगितलेल्या गोष्टींसकट, प्रदर्शनात मांडले.

१९८२ साली त्यांना स्तनाचा कर्करोग झाला. एक तरुण डॉक्टर विद्यार्थ्यांचा घोळका घेऊन आला आणि ओळखपाळख न करता त्याने छातीवर शाईने फुली मारली! ऑपरेशनच्या आधी बाईंनी आपल्या स्तनावर लिहिलं, "जो स्पेन्सची मालमत्ता?" आणि तसा फोटो काढवून घेतला.

आयुष्यभर मुलांना विरामचिन्हं शिकवली, त्यामुळे माझी नजर त्या प्रश्नचिन्हावर अडली. पूर्णविराम असता तर ती नुसती घोषणा झाली असती. प्रश्नचिन्हामुळे तो फोटो पाहणाऱ्याला विचारतो: हे शरीर कोणाचं, आणि ते कोणी ठरवायचं?

तुम्ही म्हणाल, "शी! असले फोटो काढायचे कशाला? आजार झाकून ठेवावा." ज्याला झाकायचाय त्याने खुशाल झाकावा. मीसुद्धा माझा व्रण दिवाणखान्यात टांगणार नाही. पण झाकायचं की नाही ते मी ठरवणार. मला न विचारता मला चौकटीबाहेर बसवणं म्हणजे ती फुलीच झाली.

काहीजण म्हणतील, आता प्रत्येकाच्या हातात फोन आहे, जो तो स्वतःचाच फोटो काढतो, मग तक्रार कसली? अहो, पूर्वी स्टुडिओवाला निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून डाग घालवायचा. आता कित्येक फोन न सांगताच तेच करतात. नातीच्या साखरपुड्याच्या फोटोत माझं तोंड मळलेल्या कणकेसारखं गुळगुळीत आलंय. सगळे म्हणाले, "काय छान दिसताय!" कोण छान दिसतंय? ती बाई मी नव्हेच.

जो स्पेन्स १९९२ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. शेवटच्या आजारातही त्यांनी काम सोडलं नाही. अंगात त्राण नव्हतं तेव्हा जुन्याच स्लाइडवर दुसरी स्लाइड ठेवून नवी चित्रं केली. आजारी माणूस म्हणजे नुसता आजार नव्हे, हे त्यांनी शेवटपर्यंत दाखवलं. आमच्या घरात मात्र केस परत येईपर्यंत मी जणू नव्हतेच. तो काळ मी कशी निभावले, हे माझ्या नातवंडांना कोणत्या फोटोतून कळणार?

असो. नातीचं लग्न मार्गशीर्षात आहे. मला खुर्ची जरूर द्या, गुडघे दुखतात. पण ती पहिल्या रांगेत, मधोमध ठेवा. आणि फोटोग्राफरला आधीच बजावून ठेवा, की आजीच्या सुरकुत्यांना हात लावायचा नाही.

राग आला असेल तर फोन करा. खाली प्रतिक्रिया लिहिलीत तरी चालेल.