कात्री ठेवायची कुठे?

शीर्षक वाचून पान उलटू नका. ही कात्री शिंप्याची नाही, जीवाणूंची आहे. प्रथिनांचे तुकडे करणाऱ्या विकरांना प्रोटिएज म्हणतात. 'प्रोटिएज काय करतं?' याचं एका ओळीचं उत्तर आपण बारावीतच पाठ केलं. माझं म्हणणं असं, की इंजिनिअरने आधी विचारावं, 'ते असतं कुठे?'

जीवाणूच्या आतली बहुतेक यंत्रसामग्री प्रथिनांचीच. तिथे कात्री मोकळी सोडली तर घरचंच कापड फाटणार! मग तो काय करतो? आपल्या आतड्यातला ई. कोलाय बघा. त्याच्या पेशीद्रवात क्लप-पी नावाचं विकर असतं. सात-सात भागांच्या दोन कड्या जोडून एक पिंप तयार होतं. पाती पिंपाच्या आत, आणि दार इतकं अरुंद की घडी घातलेलं प्रथिन आत शिरूच शकत नाही. दारावर वॉचमन असतो, क्लप-एक्स. तो एटीपी खर्चून नेमक्या प्रथिनाची घडी उलगडतो आणि दोऱ्यासारखं आत सोडतो. एफटीएसएच हे विकर आतल्या पटलात रोवलेलं, डेग-पी दोन पटलांच्या मधल्या जागेत, तर ओम्प-टी बाहेरच्या पटलात. म्हणजे प्रत्येक मजल्यावर वेगळा कारागीर.

आणि दार उघडंच राहिलं तर? एडेप गटातली प्रतिजैविकं नेमकं हेच करतात, हे 2005 मध्ये प्रसिद्ध झालं. ती क्लप-पीला चिकटतात, दार उघडतं, वॉचमनची गरज उरत नाही आणि जीवाणू स्वतःचीच प्रथिनं कापून मरतो. वर्कशॉपमध्ये मशीनवर गार्ड का लावतात, हे यापेक्षा चांगलं कोण शिकवणार?

बॅसिलस जातीच्या जीवाणूंना बाहेरचं पटल नसतं. ते सबटिलिसिन नावाचं प्रोटिएज सरळ बाहेर सोडतात, पण म्यानात घालून. विकराला जोडलेला एक तुकडा त्याची धार झाकतो. बाहेर पडल्यावर तो तुकडा कापला जातो आणि मग काम सुरू.

आता आपल्या भागाकडे या. हिंगोलीहून सेनगाव, रिसोड करत लोणारला जाता येतं. तिथल्या सरोवराचा सामू 10 च्या आसपास. तिथला जीवाणू स्वतःच्या आतला सामू बराच खाली राखतो, पण बाहेर सोडलेल्या विकराला त्या खाऱ्या पाण्यातच राबावं लागतं. म्हणूनच क्षारात टिकणारी प्रोटिएज लोणारच्या जीवाणूंमधून वेगळी केली गेली आहेत. धुण्याच्या पावडरचं पाणीही क्षारीयच, तिथे असलीच विकरं लागतात. शिवाय बाहेर आलेलं विकर गाळून मिळतं. आतलं हवं असेल तर पेशी फोडा आणि हजारो प्रथिनांतून एक निवडत बसा. पत्ता बदलला की प्लांटचा खर्चही बदलला!

'हे बायोटेकवाल्यांचं काम' असं कुणी म्हणेल. मला पटत नाही. जागा, दार, गार्ड, खर्च हे सगळे आपलेच विषय आहेत. दरवर्षी फायनल इयरला किती जण रेडिमेड प्रोजेक्ट विकत आणतात, हे हॉस्टेलमध्ये कुणाला सांगायला नको. त्यापेक्षा हा प्रयोग करून बघा. लोणार अभयारण्य आहे, तिथून परवानगीशिवाय काही उचलायचं नाही. दूध डेअरीच्या नाल्याजवळची माती पुरे. साय काढलेलं दूध घातलेल्या अगरवर ती वाढवा. ज्या वसाहतीभोवती पारदर्शक कडं दिसेल, तिचं प्रोटिएज बाहेर पडतंय. कडं नाही म्हणजे विकर नाही असं मात्र लिहू नका. ते आत कुलपात असतंच. आणि हे सरांच्या देखरेखीखालीच. प्लेटा 121 अंशांना ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय फेकायच्या नाहीत.

विकत आणलेल्या प्रोजेक्टला मार्क मिळतीलही. पण त्यात 'हे इथेच का ठेवलं?' असं परीक्षकांनी विचारलं तर उत्तर कुठून आणणार? नाल्याकाठच्या मातीतल्या जीवाणूकडे ते आहे. विचारून तर बघा!