बालवीरांचा निवाडा

बालवीर चळवळींतील अत्युच्च पद देतांना परीक्षकानें काय पाहावें, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाहीं. आपल्याकडे तें पद 'राष्ट्रपति स्काउट'चें, अमेरिकेंत 'ईगल स्काउट'चें. तेथें त्यासाठीं लोकोपयोगी कार्याची अट इ. स. १९६५ पासून आहे; आणि आज तें कार्य मुलानें स्वतः आंखून इतरांकडून करवून घ्यावें लागतें. किती तास, याचें बंधन नाहीं. शिवाय छापील नियमांत भर घालण्याचा वा कांटछाट करण्याचा अधिकार कोणाहि परीक्षकास नाहीं, हें मला विशेष मोलाचें वाटतें.

आमच्या वऱ्हाडांतच कल्पना करा. अमरावतीच्या एखाद्या वकिलाचे चिरंजीव सिमेंटचा ओटा बांधवून नळाची पाणपोई उभारतील. पैसा वडिलांचा, हात गवंड्याचे. नांदगाव पेठेचा एखादा मुलगा चार रांजण मागून आणील, आठ सवंगड्यांच्या पाळ्या लावील आणि वैशाखभर रांजण कोरडे पडूं देणार नाहीं. परीक्षकाची दृष्टि मात्र ओट्यावर खिळते! वस्तुतः 'नेता' हा शब्द 'नी', म्हणजे नेणें, या धातूपासून झालेला. (मास्तरांची ही खोड वाचकांनीं सोसावी.) ज्यानें कोणासच सोबत नेलें नाहीं, तो नेता कसला?

तथापि वकीलपुत्रास श्रीमंतीपायीं नापास करणें हाहि अन्यायच. त्यास इतकेंच विचारावें, "सोबत्यानें काम टाळलें, तेव्हां तूं काय केलेंस?" आणि रांजणवाल्यासहि हाच प्रश्न विचारावा.