डोळ्यांचा पडदा आणि होमोसिस्टीन

एका डोळ्याने अचानक धूसर दिसू लागले, पण डोळा दुखत नाही, लालही नाही, तर अनेकजण चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून आठवडे घालवतात. हे धोक्याचे आहे. पडद्याची रक्तवाहिनी गुठळीने बंद झालेली असू शकते. उच्च रक्तदाब व मधुमेह ही त्याची नेहमीची कारणे. अशा काही रुग्णांच्या रक्तात होमोसिस्टीनही वाढलेले आढळते.

प्रथिनांपासून शरीरात तयार होणारे हे द्रव्य साधारण ५ ते १५ मायक्रोमोल प्रतिलिटर असावे. त्याचा निचरा होण्यास फॉलिक ॲसिड, बी-६ व बी-१२ ही जीवनसत्त्वे लागतात. पालेभाज्यांत फॉलिक ॲसिड असते, बी-१२ नसते; शाकाहारी माणसाला ते मुख्यतः दूध-दह्यातून मिळते.

अमेरिकेत हृदयविकाराचा धोका असलेल्या पाच हजारांवर स्त्रियांना या तीन जीवनसत्त्वांच्या किंवा बनावट गोळ्या देऊन पाहिल्या. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार जीवनसत्त्वे घेणाऱ्यांत उतारवयातील पडद्याची झीज सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळली. मात्र गेलेली नजर या गोळ्यांनी परत येते, असे सिद्ध झालेले नाही.

म्हणून माझे मत असे, की आधी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडून पडदा तपासून घ्यावा. रक्तदाब व साखर पाहावी. मग डॉक्टरांच्या सल्ल्याने बी-१२ व होमोसिस्टीन तपासावे. बी-१२ कमी असताना नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. त्यांनी रक्तक्षय झाकला जातो आणि मज्जातंतूंची हानी चालूच राहते.