मनगटावरचे आकडे: मोजलेले किती, अंदाजाचे किती?

सकाळी तासभर चालून झाले की मनगटावरचे घड्याळ सांगते, ‘३०० कॅलरी खर्च.’ मग बागेबाहेरच्या गाडीवर एक वडापाव खायला मन लगेच राजी होते. हिशेब घड्याळानेच करून दिलेला असतो ना! अडचण एवढीच, की पडद्यावरच्या सगळ्या आकड्यांत कॅलरींचा हा आकडा फार कमी भरवशाचा आहे.

२०१७ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ६० स्वयंसेवकांच्या मनगटांवर सात कंपन्यांची उपकरणे तपासली. चालताना, पळताना, सायकल चालवताना त्यांचे आकडे वैद्यकीय उपकरणांशी ताडून पाहिले. हृदयाचे ठोके मोजताना सातपैकी सहा उपकरणांची चूक पाच टक्क्यांच्या आत राहिली. कॅलरींत मात्र सर्वांत सरस उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकले आणि सर्वांत वाईट ९३ टक्क्यांनी. २७ टक्क्यांचीच चूक धरली, तरी घड्याळाच्या ३०० कॅलरी प्रत्यक्षात २३५ असू शकतात किंवा ४१० सुद्धा. ती उपकरणे आता जुनी झाली. पण कॅलरी काढण्याची पद्धत मुळात तीच आहे.

ठोके घड्याळ खरोखर मोजते. मागच्या बाजूचा हिरवा दिवा त्वचेवर प्रकाश टाकतो. रक्त हा प्रकाश शोषते, त्यामुळे प्रत्येक ठोक्याला परत येणारा प्रकाश कमी-जास्त होतो. पट्टा सैल असेल, हात जोरात हलत असेल किंवा मनगटावर गोंदण असेल तर इथेही गफलत होते. कॅलरी मात्र कोणी मोजतच नाही. त्या नेमक्या मोजायच्या तर तोंडावर मुखवटा लावून श्वासातला ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड तपासावा लागतो. घड्याळ ठोके, हालचाल, वय, वजन, उंची घेऊन एक सूत्र लावते. गर्दीच्या लोकलमध्ये उकाड्याने नाडी वाढली काय किंवा साहेबांच्या बोलावण्याने वाढली काय, काही घड्याळे त्यालाही मेहनत समजू शकतात. स्टॅनफर्डच्या अभ्यासात गडद त्वचेच्या आणि जास्त वजनाच्या व्यक्तींमध्ये चूक अधिक आढळली, हे आपण भारतीयांनी लक्षात घ्यायला हवे.

पावलांचेही तसेच. घड्याळ पाय पाहत नाही, हात पाहते. म्हणून भाकरी थापताना काही पावले फुकट जमा होतात आणि मॉलमध्ये ट्रॉली धरून चाललेली काही बुडतात. झोपेत तर नुसते निश्चल पडून राहिलेल्यालाही ते अनेकदा झोपलेला ठरवते. निद्रानाश असलेल्याला याचा काय उपयोग?

तरीही घड्याळ फेकून द्या, असे मी म्हणणार नाही. एकच घड्याळ रोज त्याच हातावर असेल, तर विश्रांतीच्या वेळची नाडी महिनाभरात वर सरकते आहे की खाली, हे त्यावरून बरे कळते. शेजाऱ्याच्या घड्याळाशी तुलना मात्र निरर्थक.

खरी भीती आहे ती उपचार या आकड्यांवर बेतले जाण्याची. सुई न टोचता रक्तातील साखर सांगण्याचा दावा करणारी घड्याळे आणि अंगठ्या वापरू नका, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. अशा एकाही उपकरणाला तेव्हा त्यांची मान्यता नव्हती. चुकीच्या आकड्यावरून इन्सुलिनचा डोस जास्त घेतला गेला, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते.

छातीत कळ आल्यावर घड्याळाचा ईसीजी ‘नॉर्मल’ दाखवतो म्हणून घरी थांबणे तितकेच घातक आहे. रुग्णालयातील नेहमीचा ईसीजी हृदयाकडे बारा बाजूंनी पाहतो, मनगटावरचा बहुधा एकाच. या सुविधेने हृदयविकाराचा झटका ओळखता येत नाही, हे ॲपल कंपनी स्वतःच आपल्या वापरकर्त्यांना सांगते.